चौथ्या गटाचे माप

३ फेब्रुवारी

स्वस्ति श्री! विज्ञापनविद्याविशारद, घोषवाक्यप्रभाकर, सकल-साबण-तेल-दंतमंजन-स्तुतिपाठक, ग्राहकचित्तचौर्यनिपुण, त्रिवार बढतीवंचित, अल्पकेश आणि बहुपित्त अशा आम्ही — वय वर्षे एकोणपन्नास — आज नवी वही उघडली आहे. जुनीत जे होते ते वाचण्यासारखे नव्हते. हिच्यात जे येईल ते कोणी वाचू नये, अशी कुलूपबंद व्यवस्था आहे.

निमित्त: कचेरीत सिगारेटचे काम आले. मोठ्या साहेबांच्या खोलीत कंपनीचे प्रतिनिधी बसले होते. इस्त्रीदार, विनम्र, आणि अंगाला कसलाही वास नसलेले गृहस्थ. स्वतः ओढत नाहीत. आम्ही मनातल्या मनात त्यांचे नामकरण उरकले — निर्गंध.

विधात्याने माणसे एकजात घडवली; कंपनीने त्यांचे सात गट पाडले आहेत. निर्गंधांनी तक्ता भिंतीला लावला. पहिला गट नवख्यांचा. दुसरा रांगड्या गड्यांचा. तिसरा नुकत्या मिळवत्या झालेल्या मुलींचा. प्रत्येकाला वेगळी पेटी, वेगळा रंग, वेगळे स्वप्न — आत माल तोच. आमच्या वाट्याला चौथा गट: सोडू पाहणारे.

"सोडणारं गिऱ्हाईक म्हणजे बुडाला भोक पडलेली बादली," निर्गंध म्हणाले. "वरून कितीही ओता."

"मग भोक बुजवायचं कशानं?" मोठ्या साहेबांनी विचारले.

"हलक्या सिगारेटनं. सोडल्याचं पुण्य, न सोडता."

हे वाक्य आम्हांस सुचायला हवे होते. मत्सर झाला, प्रामाणिकपणे नोंदवून ठेवतो.

एक छापील कागद मिळाला आहे. त्यावर अकरा चौकोन. चौथ्या गटातला एक माणूस कल्पायचा आणि चौकोनांत भरायचा — कुठून विकत घेतो, कुठे लपून ओढतो, कोणाशी खोटे बोलतो, स्वतःची समजूत कशी घालतो. "एकच माणूस द्या, पण हाडामांसाचा," साहेब म्हणाले. "हजारांसाठी लिहिलं की एकालाही लागत नाही."

५ फेब्रुवारी

कल्पनाशक्ती दीर्घ रजेवर गेली आहे. तीन माणसे कल्पिली. तिघेही दंतमंजनाच्या जाहिरातीतून पळून आल्यासारखे हसत होते. फाडून टाकले.

संध्याकाळी घरी आलो तो पुढच्या खोलीत ताईचा शिवणवर्ग सुटत होता. ताई म्हणजे आमची थोरली बहीण, वय छप्पन्न, आठ शिलाईयंत्रांची आणि एका अविवाहित भावाची एकछत्री सम्राज्ञी. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. पुढचे सगळे हिनेच बेतले आणि शिवले. हिचे यजमान लवकर गेले, तेव्हापासून आम्ही दोघे या घरात आहोत.

ताई सव्वीस वर्षे सिगारेट ओढत होती. कपड्यांच्या कारखान्यात कापणीच्या दालनात होती, तिथल्या मुकादमबाईंनी लावलेली सवय. त्या बाई आणि डॉक्टर सोडले तर हे जगात माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. सप्टेंबरात डॉक्टरांनी तिच्या छातीचे चित्र उजेडावर धरले आणि म्हणाले, "अजून जागा शिल्लक आहे, बाई. सोडलंत तर राहील." त्या दिवसापासून सोडली. पाच महिने झाले. हात रिकामा राहू नये म्हणून दोन बोटांत खडू धरून बसते.

आजही खडू धरूनच विचारत होती, "तोंड का असं? साहेबांनी पुन्हा साबण दिला का?"

"याहून सुवासिक काहीतरी," मी म्हणालो.

६ फेब्रुवारी

अकरा चौकोन अर्ध्या तासात भरले. एकदाही लेखणी अडली नाही.

वय छप्पन्न, विधवा, शिवणकाम शिकवते. विकत कुठून घेते — आपल्या गल्लीत नाही. दोन चौक सोडून, सुताच्या दुकानाशेजारी, म्हणजे पाहणाऱ्याला दोरा आणायला आल्यासारखे वाटावे. ओढते कुठे — मागच्या जिन्यावर, तिसऱ्या पायरीवर. चौथीवर शेजारीण दिसते. नंतर काय करते — बडीशेप चावते आणि मोठ्याने गाणे म्हणते. स्वतःची समजूत — हा अकरावा चौकोन. सोडण्यापूर्वी वर्षभर ताई जे म्हणायची ते जसेच्या तसे उतरवले: "सोडली नाही रे. हलकी केली."

नाव घातलेले नाही. नाव नसले की तो केवळ अभ्यास होतो.

१५ फेब्रुवारी

विजयोत्सव. निर्गंधांनी कागद दोनदा वाचला. "ही बाई मला कुठंतरी भेटलीय," म्हणाले. चौथ्या गटाचे घोषवाक्य सर्वानुमते अकराव्या चौकोनातूनच उचलले गेले: *सोडली नाही. हलकी केली.* साहेबांनी पाठ थोपटली. एकवीस वर्षांत प्रथमच. जागा चुकली, मानेवर बसली.

१६ फेब्रुवारी

स्वतंत्र खोली मिळाली. दाराला काच आहे. आत बसून विचार करतो आहोत असे बाहेरून दिसणे आता अनिवार्य.

२ मार्च

कंपनीचा कारखाना दाखवायला नेले. प्रयोगशाळेत एक रसायनशास्त्रज्ञ बाई भेटल्या — रुक्ष, चष्मेवाल्या, बहुधा इमारतीतील एकमेव सत्यवचनी व्यक्ती. त्यांनी हलकी सिगारेट भिंगाखाली धरली. तोंडाकडच्या कागदावर सुईने टोचावीत तशी बारीक छिद्रे. यंत्र सिगारेट ओढते तेव्हा छिद्रांतून हवा येते, धूर पातळ होतो, आकडा खाली येतो. तोच आकडा पेटीवर छापतात.

"आणि माणूस ओढतो तेव्हा?"

"माणसाची बोटं नेमकी छिद्रांवर येतात. ओठ येतात. शिवाय समाधान झालं नाही की माणूस जोरानं ओढतो. आणखी एक पेटवतो."

"म्हणजे हलकी नाहीच?"

"यंत्राला हलकी आहे," बाई म्हणाल्या. "यंत्राला फुप्फुसं नसतात."

आम्ही काहीतरी विनोद केला. त्या हसल्या नाहीत. परतीच्या वाटेवर तो विनोद आठवू पाहिला, आठवला नाही.

१९ मार्च

निर्गंधांचा बुद्धिविलास! या गटातल्या बायकांना फुकट नमुने वाटायचे आहेत, आणि ते कुठे, तर सूत, बटणे, अस्तर विकणाऱ्या दुकानांच्या दारात. "तुमची बाई सुताच्या दुकानाकडे जाते ना? मग आपण तिच्या आधी तिथं उभं राहायचं." पेटी चपटी, मोतिया रंगाची, चष्म्याच्या घरासारखी, पर्समध्ये कोणाला संशय येऊ नये. हेही आमच्याच कागदातून. शहरभर साठ दुकाने निवडली आहेत.

यादी पाहिली. सतरावे दुकान ताईचे.

घरी येऊन म्हणालो, "यापुढं दोरा मी आणत जाईन."

ताई हसली ती वर्गातल्या मुलींना ऐकू जाईल इतकी. "तुला तांबडा आणि डाळिंबी यातला फरक सांगता येतो का? पडद्यासाठी तू पायजम्याची नाडी आणशील."

मुलीही हसल्या. आम्हीही हसलो. हसल्यावर विषय संपतो, ही आमची जुनी सोय.

२७ मार्च

जेवताना तिने मोतिया पेटी माझ्या ताटाशेजारी ठेवली.

"हे तुझं ना? सुताच्या दुकानाबाहेर एक गोड मुलगी वाटत होती. पाटी वाचली आणि हसूच फुटलं मला. माझंच वाक्य की रे! म्हटलं, चला, आमचे बंधुराज कधीतरी माझं ऐकतात म्हणायचे."

चेहऱ्यावर अभिमान होता. मी शाळेत बक्षीस आणले होते तेव्हा असाच होता.

"ओढणार नाहीस ना?" मी विचारले.

"छे. ठेवते आपली. तुझं पहिलं मोठं काम आहे."

साबण, तेल आणि दंतमंजन यांची तिने कधी गणनाच केली नव्हती, हे आज कळले.

४ एप्रिल

तिच्या बोटांत खडू नाही. मागच्या जिन्यावरून गाणे ऐकू आले, मोठ्याने.

मी दारात जाऊन उभा राहिलो. तिसरी पायरी. तिने लपवली नाही. "बघू नकोस असा. ही तशी नाही. डॉक्टरांनी ती सोडायला सांगितली होती, ती जड होती. ही हलकी आहे. पेटीवर आकडा छापलाय."

मी पेटीवरचा आकडा वाचला.

"आणि तूच लिहिलंयस," ती म्हणाली. "तू मला खोटं कशाला सांगशील?"

वाग्वैभव, शब्दप्रभुत्व, अनुप्रासयमकादी अलंकार — माझ्या मुखातून जे निघाले ते एवढेच: "हूं."

५ एप्रिल

आज सांगणार होतो. तिला खोकला येत होता, म्हणून थांबलो.

६ एप्रिल

आज खोकला नव्हता. पण छान मूडमध्ये होती.

२२ एप्रिल

चौथ्या गटात कल्पनेपलीकडे यश आले आहे. सोडलेले लोक परत येत आहेत, निर्गंध म्हणाले, "माहेरी आल्यासारखे." मला लाकडी पाटावर बसवलेले एक पितळी पान दिले. ते कशाचे पान आहे हे सर्वांना ठाऊक असल्याने कोणी विचारले नाही.

"त्या बाईंना एकदा भेटवा हो," निर्गंध हळूच म्हणाले. "कल्पनेनं एवढं कोणाला सुचत नाही."

"कल्पनाच ती," मी म्हणालो. आणि आपण तिसऱ्या पायरीचाही उल्लेख केला होता हे आठवून दिवसभर कानशिले तापत राहिली.

१० मे

लिहायचे आहे. विशेषणे वगळून लिहितो.

ताईला रात्री धाप लागते, म्हणून डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी नवे चित्र उजेडावर धरले, शेजारी सप्टेंबरातले धरले. मग विचारले, "पुन्हा सुरू केली?"

ताईने पर्समधून मोतिया पेटी काढून टेबलावर ठेवली. थोडी ऐटीत. "हलकी आहे, डॉक्टर."

"दिवसाला किती?"

"बारा-तेरा."

"आधी किती होत्या?"

"आठ."

"मग हलकं काय झालं, बाई?"

ताईने माझ्याकडे पाहिले. "हा सांगेल. हा त्यातलाच माणूस आहे. सांग रे यांना."

आणि मी सांगितले. छिद्रे, बोटे, यंत्र. एकदा सुरू झाल्यावर थांबता येईना. कागद सांगितला, अकरा चौकोन सांगितले, दुकान सांगितले. डॉक्टर उगाच खिडकी बंद करायला उठले.

"तुला हे छिद्रांचं कधी कळलं?" ताईने विचारले.

"दोन मार्चला."

तिने बोटांवर मोजले, चुण्या मोजते तसे. "दहा आठवडे," म्हणाली. "मी हातात घेतली त्याच्याही आधी."

पेटी तिने उचलली नाही. डॉक्टरांच्या टेबलावरच राहिली.

रस्त्यात बराच वेळ ती माझ्या पुढे चालत होती. चढावर दम लागला तेव्हा एका भिंतीला हात टेकून थांबली. मी हात पुढे केला तो तिने घेतला नाही.

"माझ्या मापाच्या वहीत चारशे बायका आहेत," ती म्हणाली. "कोणाची कंबर किती सुटली, कोणाचा एक खांदा उतरलाय, कोणाला कुठं भरून काढावं लागतं. सख्ख्या बहिणीनं मागितलं तरी एकीचं पान दुसरीला दाखवत नाही मी. माप घेताना माणूस हात वर करून उभा असतो रे. विश्वासानं." मग श्वास घेऊन: "मी तुझ्यापुढं वीस वर्षं तशी उभी होते."

मला एक उत्तर सुचले होते. अतिशय चतुर होते. ते गिळले — या प्रकरणात मी केलेले बहुधा एकमेव सत्कृत्य.

१४ मे

ताई जाते आहे. जुन्या मुकादमबाईंकडे तळमजल्यावर एक खोली मोकळी आहे. वर्गही तिथेच हलवणार. त्यांनीही सोडली आहे म्हणे, चार वर्षांपूर्वी. सकाळी मालवाहू गाडी आली. आठ यंत्रे, मापाची वही, कात्र्या. बेतायचे लांब टेबल दारातून निघेना, ते मागे राहिले.

भांडली नाही. भांडली असती तर मला काहीतरी बोलता आले असते. डबा कुठे मिळतो, दूधवाल्याला काय सांगायचे, कोणत्या गोळ्या जेवणाआधी, सगळे नीट समजावून दिले.

गाडीत बसताना मी विचारले, "ताई, सोडशील ना?"

"सोडीन की नाही, ते तुला कळणार नाही," ती म्हणाली. "तुला कळलं की ते छापून येतं."

१५ मे

पत्र लिहायला बसलो. तीन मसुदे झाले. तिन्ही उत्कृष्ट. तिन्ही फाडले.

२ जून

साहेबांनी नवे काम दिले. सातवा गट: पन्नाशीला आलेले, एकटे राहणारे पुरुष; न ओढणारे, पण घर नुकतेच रिकामे झालेले. निर्गंध म्हणाले, "या खेपेलाही तसाच हाडामांसाचा माणूस द्या." हो म्हणालो.

कागद घेऊन ताईच्या लांब टेबलाशी बसलो आहे. टेबल डुगडुगते. यंत्रांमध्ये दाबून उभे होते तोवर कळले नव्हते. पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली, तर दुसरा पाय उचलला जातो. दुसऱ्याखाली घातली, तर पहिला. सहावा चौकोन भरताना रेघ गेली ती थेट सातव्यात. सुतार म्हणतो, फरशीच वाकडी आहे. फरशीवाला म्हणतो, टेबल.