जुळत नाही तिथे सही नाही

बाबा, आज मी सही केली नाही. साहेब तोंड पाडून बसलेत. बदली कुठेही करतील, करू देत.

तुम्ही कचेरीत नकलांची रुजवात घ्यायचात, म्हणजे मूळ कागद आणि नक्कल शब्दाशब्दानं ताडून खाली सही करायचात. काम उरलं की घरी आणायचात. एक सकाळ माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. आई पोळ्या लाटते आहे, मी मूळ कागद मोठ्यानं वाचते आहे, तुमचं बोट नकलेवरून सरकतं आहे. कुही गावाकडच्या एका शेताचा कागद. मुळात दोन बहिणींची नावं, नकलेत एकच. तुमचं बोट एकाच नावावरून पुढे गेलं, तशी मी थांबले. म्हटलं, "बाबा, एक बाई गायब आहे." तुम्ही पेनाचं टोपण काढलं आणि सही ठोकली. "साहेबाले आजच पाहिजे. नोकरी करा लागते वं पोरी, तुले काय समजते?" मला सगळं समजत होतं. बारा वर्षांची होते, बेअक्कल नव्हते.

आता माझ्या कचेरीत रुजवात यंत्र घेतं. मजकूर टाकला की चौसष्ट अक्षरा-आकड्यांची एक ओळ निघते, तिला हॅश म्हणतात. मजकूर एका शब्दाचा असो की हजार पानांचा, ओळ तेवढीच. तोच मजकूर पुन्हा टाका, तीच ओळ. एक पूर्णविराम काढा, अख्खी ओळ बदलते. आणि त्या ओळीवरून मूळ मजकूर काढू म्हटलं तर निघत नाही. शिकताना मी पहिल्यांदा तुमचंच नाव टाकून पाहिलं, मग त्यातली एक वेलांटी बदलून. दोन्ही ओळींचा एकमेकींशी काही संबंध दिसेना. या यंत्राला साहेब दिसत नाही, म्हणून मला ते आवडतं.

आज एका जुन्या फायलीची ओळ, ती फाईल जमा झाली तेव्हा नोंदवलेल्या ओळीशी जुळली नाही. साहेब म्हणाले, "मॅडम, कागद तं जसाचा तसाच दिसून राहिला. काहून अडून राहिल्या तुम्ही? करा सही." कुठे काय बदललंय ते हॅश सांगत नाही, पण बदललंय हे नक्की. मी म्हटलं, जुळत नाही, करणार नाही. तुमचं चुकलं होतं, बाबा. नोकरीसाठी चुकलं असेल, तरी चुकलंच. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मी ते माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, तर एक सांगून टाकते. साहेबांनी चिडून विचारलं, एवढा ताठा आला कुठून? तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटलं, "माझ्या वडिलांकडून. ते रुजवात घ्यायचे. न जुळलेल्या कागदावर त्यांनी कधी सही केली नाही."