लुगड्यावरचा हळदीचा पाय

प्रिय काकू,

आज दुपारी शेजारची रहिमाबी कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली. म्हणाली, "गोदाबाई, तुमी पायाळू हाव म्हणं. लई तकलीफ हाय, जरा पाठीला पाय लावा नं." कळमनुरीत नांदायला येऊन मला सात वर्षं झाली, पण हे मी इथं कोणालाच सांगितलं नव्हतं. कोणी सांगितलं असेल गं तिला? ती घरी गेली आणि तूच डोळ्यांसमोर येऊन राहिलीस, म्हणून ह्यांच्या वहीतला कागद घेऊन बसले. तुला वाचता येत नव्हतं, ठाऊक आहे मला. लिहिते तरी.

कुरुंद्याचं आपलं शेत आठवतंय? हळद शिजायची ती मोठी कढई, तिची वाफ, आणि वाफेत अर्धीच दिसणारी तू. मी जन्मताना पायांकडून आले, तेवढ्यावर सगळ्यांनी ठरवून टाकलं की माझ्या पायाला गुण आहे, पाठीचं दुखणं जातं. तू पालथी पडायचीस. मी तीनदा तुझ्या कमरेला पाय लावायची आणि मोठ्या माणसाला पाय लागला म्हणून लगेच तुझ्या पाया पडायची. माझे तळवे हळदीनं माखलेले, त्यामुळं तुझ्या लुगड्यावर पिवळा पाय उमटायचा. तो तू दिवसभर मिरवायचीस.

"दुखायचं राहिलं गं माय!" म्हणत तू उठायचीस. सहा-सात वर्षांची मी, किती फुगायची! मग शेजारपाजारच्या बायाही यायला लागल्या. येताना माझ्यासाठी गुळाचा खडा आणायच्या.

एकदा तशीच हसत उठलीस आणि गोठ्यामागं गेलीस. मी मागोमाग आले. तू भिंतीला कपाळ टेकून, पदर दातांत धरून उभी होतीस. काहून गं, म्हणून मी विचारलं, तर मला जवळ ओढलंस.

"कोणाला सांगू नको, लेकरा. तुझ्या पायाला बोल लागंल."

आणि मी नाही सांगितलं. भोळेपणानं नाही, काकू. मला गुळाची आणि कौतुकाची चटक लागली होती. हे आज पहिल्यांदा कबूल करते आहे.

तू एकदाच तोंड उघडलंस. काकांना म्हणालीस, मला हिंगोलीच्या दवाखान्यात न्या. काका वाईट नव्हते, पण ते सरळ म्हणाले की घरात पायाळू लेकरू आहे, परवाच तर तू दुखायचं राहिलं म्हणालीस. तू खाली बघितलंस. खरं बोलली असतीस तर मी खोटी पडले असते. एवढं कशाला जपलंस गं मला? थोडं स्वतःला जपायचं होतंस! पुढं काका एकटेच गेले, तुझं दुखणं आपल्या मनानं सांगून आले, आणि तुला न बघताच दिलेलं ते लाल औषध तू महिनाभर पीत राहिलीस.

तुझे पाय उचलेनासे झाले तेव्हा कुठं गाडीत गादी घालून तुला नेलं; मीही सोबत होते. डॉक्टरांनी विचारलं, इतकी वर्षं काय करत होतात?  काकांनी नुसतं माझ्या पायांकडं बघितलं. पुढची हळद शिजली तेव्हा तू नव्हतीस.

अजून दुपारी डोळा लागला की येतेस. वाफेतून ताठ चालत असतेस, डोक्यावर पाटी, लुगड्यावर माझा पिवळा पाय. दुखतंय का गं, म्हणून मी हाक मारते, पण तू हसत पुढं पुढं जातेस. जागी होते तेव्हा माझ्या तळव्याला तुझ्या पाठीची ऊब लागलेली असते.

रहिमाबीला मी पाय लावला नाही. पाटावर बसवलं आणि विचारलं, कधीपासून दुखतंय, नेमकं कुठं, झोप लागते का? ती सांगतच राहिली, आणि सांगता सांगता रडायला लागली. आजवर कोणी एवढं विचारलंच नव्हतं म्हणे. ह्यांनी तिच्या नवऱ्याशी बोलून घेतलंय. उद्या सकाळी हिंगोलीला जायला गाडी सांगितली आहे. डॉक्टरांसमोर मी तिच्याजवळ बसेन, पण बोलेल ती स्वतः.

काकू, तुला शब्द देते. वाटेत मला बरं वाटावं म्हणून ती "राहिलं आता" म्हणाली, तरी मी गाडी माघारी वळू देणार नाही.

तुझी पायाळू पोरगी,
गोदी