एक वाजताची जुळणी

३ जून
लागले एकदाची कामाला. वाळूजला, रबरी वायसर बनवणाऱ्या कंपनीत. फोन उचलायचा आणि ज्याला पाहिजे त्याला जोडून द्यायचा. त्याला माझी सातवी लई झाली. फिरती खुर्ची, डोक्यावर पंखा, दोनदा चहा. देवगाव रंगारीतल्या बाया ऐकूनच जळतील. खोलीबी जवळच मिळाली.

कॉम्प्युटरवाला बासित तासभर समजावत बसला. कामगारांच्या नावांची यादी एका मशिनीत, फोन दुसऱ्या मशिनीत. रोज दुपारी एकला फोन स्वतःला यादीशी जुळवून घेतो. यादीत नाव असलं तर नंबर, नसलं तर फोन मुका. एवढ्याचा पगार घेतो हा.

४ जून
माझ्या फोनवर 'मंजुषा' असं येतं. ती माझ्या आधीची बाई, चैत्रात वारली. नवं नाव चढवायला साहेबाची सही लागते, म्हणून ह्या आळश्यांनी मला तिच्याच नावावर बसवलं. बासित म्हणाला, मावशी, चार दिवस चालवून घ्या. मी म्हणाले, माझं नाव दगडाबाई. मेलेलीचं कशाला लावू? तर हसतो. यादी चुकत नसती म्हणे, माणूस चुकतं.

६ जून
सकाळी गेटच्या कार्डावर दगडाबाई होतं, मी स्वतः वाचलं. जेवून आले तर मंजुषा. फोटो माझाच. बासितला शिव्या घातल्या. तो म्हणाला, कार्डंबी यादीलाच जोडलीत.

९ जून
कॅन्टीनचा फकिरा विचारतो, मंजुषाताई, गुडघा कसाय? माझा गुडघा धडधाकट आहे, मूर्खा. बासितला सांगितलं, तर तो म्हणतो कोण दगडाबाई, तुम्ही अकरा वर्षं इथंच आहात की. थट्टा करतात सगळे मिळून. करू दे.
उठताना गुडघा दुखला.

१० जून
फोन आला. एक पोरगी, आई कधी येतीस म्हणून रडत होती. राँग नंबर म्हणून झापलं. म्हणाली, आवाज तर तुझाच आहे.
मी तिला प्रेरणा म्हणाले. तिनं नाव सांगितलंच नव्हतं.

११ जून
गोकुळला फोन लावला. माझा पोटचा. म्हणाला, आमची आई चैत्रातच गेली. सुनबाई मागून विचारत होती कोणय. म्हणाला, कंपनीतली कुणी मंजुषा —

१२ जून
साहेबापुढं कागद आपटून सही घेतली. बासित नाव चढवतो म्हणाला. जेवून आल्यावर. ह्यांची पोटं आधी.
पाऊण वाजला. आला नाय.
हातानं लिहीत बसते. दगडाबाई. गोकुळची आई दगडाबाई. देवगावची दगडाबाई. दगडा —

एक वाजून गेला. कुणाची वही ही माझ्या टेबलावर? काय घाण अक्षर. पानं भरून रडगाणं नुसतं. कोण ही बाई, कामं नसतात लोकांना. प्रेरणा घरी जेवायला वाट बघत असल, उठते आता.

गोकुळ कोण? नाव वाचलं की छातीत हे असं —