घरात पेट्रोलचा वास

३ मार्च, मंगळवार

ऑफिसला गेलो. दोन नकाशे तपासून दिले. परत येताना ब्रेड घेतला. कुलूप काढलं आणि पेट्रोलचा भपकारा नाकात!

बाहेरच्या खोलीत खिडकीला लागून बायकोची मोटारसायकल उभी आहे. आधीची गल्लीतून चोरीला गेली, तेव्हापासून ही घरातच. नर्सचं काम, घरोघर जाऊन सुया-सलाईन द्यायचं. कधीही फोन यायचा आणि ती निघायची. आता ती नाही. गेल्या महिन्यात सकाळी डोकं दुखतंय म्हणाली आणि दुपारी गेली. गाडी आहे. आणि हा वास.

गाडी घरात आली तेव्हाही वासाने माझं डोकं धरायचं. मग सवय झाली. आता ती सवयही मोडली म्हणायची.

समाचाराला येणारे नाकाला रुमाल लावून बसतात. बसू नका मग!

४ मार्च

वरून घरमालक आले. "अहो, एक काडी ओढली तर वरचा मजला खालच्या मजल्याला भेटायला येईल! रविवारपर्यंत गाडी बाहेर काढा. बाई गेल्या त्याचं वाईट वाटतं, पण—"

त्या 'पण'ला कानाखाली द्यावीशी वाटली. मी म्हणालो, "बरं."

५ मार्च

मेहुण्याचा फोन. त्याला कुणी कळवलं कोण जाणे. "भावोजी, रविवारी मी गाडी घेऊन जातो. तुम्हाला सायकल धड चालवता येत नाही, गाडीचं काय लोणचं घालणार?"

सायकल चालवता येत नाही हे खरं आहे. म्हणून जास्तच राग आला.

६ मार्च

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला घरी आणलं. टाकीच्या टोपणावर पितळेचं एक बारीक तोंड डाग देऊन बसवलेलं आहे. तो म्हणाला, "हे कंपनीचं नाही. कुणी केलंय हे? वास इथूनच येतोय. कपड्याचा साबण दाबून भरा. फुकटातलं काम."

ती असले उद्योग करायची. कुकरची मूठ, पंख्याचं बटण, सगळ्याला तिचा हात लागलेला. विचारायची सोय नाही. म्हणजे तेव्हा होती, मी विचारलं नाही.

साबण दाबला. थोड्या वेळात वास बंद! जिना चढून घरमालकांना सांगून आलो. ते खाली उतरून हुंगून गेले.

८ मार्च, रविवार

मेहुणा आला. खोलीत चहूकडे नाक फिरवलं. "वास गेला? उत्तम! बिनवासाची गाडी घेऊन जातो." खिळ्यावरची किल्ली स्वतःच काढली. मी दारात उभा. आयुष्यभर हेच केलं — दारात उभा!

बऱ्याच वेळाने आला तो गाडी ढकलत. घामाने निथळत होता.

"भावोजी, ही अगदी तुमच्यावर गेलीय. जरा पुढे न्या, की गप्प!"

दारातच त्याने टोपण उघडलं. हुस्स! किती वेळ श्वास कोंडून धरलेलं माणूस सुटावं तसा आवाज. हवा आत गेली. एका किकमध्ये गाडी सुरू.

त्याने बोटाने साबण टोकरला. "टाकीचं नाक दाबलंत होय? पेट्रोल खाली उतरायला वरून हवा नको?" आणि खदाखदा हसला. बहीण जाऊन महिना झालाय याच्या! हसता हसता मध्येच थांबला, सीटवर हात ठेवून उभा राहिला. मग म्हणाला, "पुढच्या रविवारी येतो." बसने गेला.

साबण काढला. वास परत. वरून घरमालकांची काठी — ठक ठक ठक.

९ मार्च

बशीत कॉफीची पूड ठेवून पाहिली. आता घरात पेट्रोल आणि कॉफी दोन्हींचा वास येतो.

१० मार्च

खिडकी उघडायला गेलो आणि चौकटीत भोक दिसलं. गोल, नीट, कडेला रबर बसवलेलं. तिथपासून गाडीच्या टोपणापर्यंत भिंतीवर वायरच्या क्लिपा ठोकलेल्या. रिकाम्या. मी दिवसभर लोकांच्या जमिनींचे नकाशे बघतो आणि स्वतःच्या घराची भिंत बघितली नाही!

ताईला फोन केला. बायको गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी तिनेच घर आवरलं होतं. "खिडकीपाशी काय होतं गं?"

"सलाईनची नळी लोंबत होती एक. सुया-बाटल्यांबरोबर टाकली. गेलेल्या माणसाच्या घरात असलं अवलक्षण कशाला?"

मी ओरडलो. ताईवर जन्मात पहिल्यांदा. तिची एकेक वस्तू कुणाला विचारून टाकलीस?

"अरे, नळीच तर होती ती!"

"नळी नव्हती ती!" म्हणालो. पण नळीच होती. ताई रडायला लागली. रडू दे.

११ मार्च

औषधाच्या दुकानात गेलो. सलाईनची नळी द्या म्हटलं.

"पेशंट कोण?"

"मोटारसायकल."

दुकानदार हसला नाही. "सिस्टरही हेच सांगायच्या. मला वाटायचं थट्टा करतात. काही महिने गेले की यायच्या. पेट्रोलने कडक होते, बदलावी लागते म्हणायच्या. 'आमच्या घरात एकाचं डोकं धरतं वासाने. सांगणार नाही, नुसता कपाळ चोळत बसेल.'"

घरी येऊन नळी बसवली. पितळी तोंडावर बरोबर बसली. क्लिपांतून नेऊन भोकातून बाहेर काढली. संध्याकाळपर्यंत वास गेला.

म्हणजे मला सवय वगैरे झालीच नव्हती! इतकी वर्षं मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो — बायकोच्या कामासाठी वास सोसतो म्हणून. सोसायला वास होताच कुठे? तिने तो केव्हाच खिडकीबाहेर काढून दिला होता.

सांगायला काय झालं होतं तिला? एकदा, जेवताना, सहज! असं न सांगता जातात का?

१५ मार्च, रविवार

मेहुणा आला. किल्लीकडे हात नेला.

"नाही," म्हणालो.

"अहो, चालवणार कोण?"

"शिकेन."

"आणि नाही जमलं तर?"

"तरी इथेच राहील."

त्याने हात मागे घेतला. मग चहा मागितला.

२ ऑगस्ट

नळी कडक झाली होती. बदलली. जुनी मीच टाकली. साबणाने हात धुतले.