शेडविरुद्धची हरकत

कर्जत,
दि. ४ डिसेंबर

चि. सुचेतास, बाबांचे आशीर्वाद.

माझी प्रकृती ठीक आहे. गुडघा बोलतो, पण अपशब्द वापरत नाही. फोन केला नाही, कारण फोनवर माझे वाक्य क्रियापदापर्यंत पोचण्याआधीच लोक ‘हो, हो’ म्हणतात.

पत्रास कारण तुझी शेड. जुन्या कपड्यांच्या पुनर्वापरासाठी नगरपरिषदेने भाजीबाजारातील ती शेड तुला चाचणीपुरती दिली. आता ती कायम द्यावी की शेजारच्या आपल्या गल्लीच्या हरकतीमुळे काढून घ्यावी, यावर सोमवारी सुनावणी आहे.

काल दुपारी, तुझा टेंपो शिळफाट्याकडे गेल्याची खात्री करून, मी ती पाहून आलो. नाकाला रुमाल लावला होता. दारात छाया नावाची तुझी कामकरीण सदऱ्यांची बटणे कापत होती. म्हणाली, “आजोबा, रुमाल काडा. हितं साबणाचा वास हाय, दुसरा काय नाय. आनि ताईंचं नाक तुमच्यावरच गेलंय, लपून काय उपेग?”

मग लपणे सोडून मी प्रश्न विचारले. सुती कापड खोपोलीच्या कारखान्यांत यंत्रे पुसायला जाते, धड साड्यांच्या गोधड्या होतात, बाकीचे उशांत भरतात, एवढे कळले. उसवलेल्या जरीचे पुढे काय होते, हे मात्र तिलाही ठाऊक नव्हते. ते तू सविस्तर सांगावेस.

“मयताचे कपडेही घेता?” मी विचारले.

“घेतो की. उकळून घेतो. नायतर लोक उल्हास नदीत सोडतात, आनि ते बंधाऱ्याला जाऊन अडकतं. परवा येक नऊवारी काडली, काठ अजून शाबूत. कुनाची तरी आय असंल ती.”

मी रुमाल घडी करून खिशात ठेवला.

गल्लीचा सारा विरोध याच गोष्टीला आहे. किराणावाले आबाजी मागेच येऊन गेले : “मास्तर, मढ्यावरची लुगडी आपल्या दाराशी धुणार म्हणे! चालवा लेखणी.” गल्लीतले अर्ज कोण लिहितो, हे तू जाणतेस. हरकतीचा अर्ज निर्दोष आहे. तो वाचला असशील, तर अक्षर ओळखले असशीलच. पहिली सहीही माझीच आहे.

विटाळ मी कधी मानला नाही. कारण निराळे होते. आईच्या वर्षश्राद्धानंतर तू तिच्या साड्या मागितल्यास. “आईच्या चिंध्या करायला निघालीस?” असे मी म्हणालो आणि तू उठून गेलीस. त्या शेडमध्ये एके दिवशी त्याच साड्यांना कात्री लागेल, ही माझी भीती मी गल्लीच्या आरोग्याच्या नावाने लिहिली.

साड्या मी नदीत सोडल्या नाहीत, कुणाला दिल्याही नाहीत. काल परतल्यावर कपाट उघडले. कसर लागली आहे. जपतो जपतो म्हणत मी त्या किड्यांना दिल्या.

सोमवारी सुनावणीला येऊन मी सही मागे घेईन. आबाजी रागावतील. त्यांनी पुढचे अर्ज स्वतःच लिहावेत. मला वाचायला मौज येईल.

साड्या पाठवणार नाही. तू घरी ये आणि निवड. हिरवी इरकल मात्र इतरांत मिसळू नकोस. तिची गोधडी शिव, माझ्या मापाची. यंदा थंडी लवकर पडली आहे.

अर्जातील पहिला हरकतदार,
तुझा बाबा