कोरी तक्रारवही

ती. वन्सं,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा अर्धीच वाकले असं समजा). तुमचा गुडघा काय म्हणतो? नातीला दात आले का? इकडे सगळे धडधाकट आहेत, तुमचे बंधू जरा जास्तच.

पत्राला उशीर झाला, कारण आमच्या शाळेत तपासणी होती. शाळा म्हणजे तीच, जिथे परदेशातून आलेले दाढीमिशांचे विद्यार्थी इंग्रजी शिकतात आणि मी त्यांच्या मागे झाडू मारते, चहा करते. तपासनीस येऊन दर्जाचं प्रमाणपत्र देतात. ते नसलं की या मुलांना व्हिसा नाही, आणि मुलं नाहीत की शाळेला टाळं. म्हणून आमचे टायवाले मुख्य सर महिनाभर अंगात आल्यासारखे फिरत होते. संडासाकडे बाण लावला, जसा काही आजवर कुणाला सापडतच नव्हता. फायली एवढ्या रचल्या की एका वर्गाला जिन्यात बसवलं. शिकवतात कसं, याची फाइल तेवढी पातळ.

त्यात निघाली तक्रारवही. नियम असा की वही हवी, तिच्यात तक्रारी हव्यात आणि प्रत्येकीपुढे काय उपाय केला ते हवं. आमची वही कोरी. मला वाटलं, कोरी म्हणजे चांगलंच की. तर सर म्हणाले, कोरी वही बघून तपासनीसांना वाटतं आम्ही मुलांची तोंडं दाबतो. मग स्वतःच तक्रारी लिहायला बसले. मास्तरांवर लिहावं तर मास्तर रुसतात, ऑफिसातल्या मुलीवर लिहावं तर ती सरांची सख्खी भाची. उरलं कोण? (ओळखलंत.) जिना ओला, चहा गार, फळा मळका, कप चिकट, अशा चार तक्रारी माझ्या नावावर पडल्या. पुढे उपाय : "सफाई कर्मचाऱ्यास समज दिली." समज कसली, बिस्किटाचा पुडा दिला.

तपासनीस आले, एक चष्मेवाल्या बाई आणि एक जांभया देणारे गृहस्थ. वर्गात दहा मिनिटं बसले, वहीपुढे दोन तास. शेरा मारला की तक्रारींची दखल फार उत्तम, मात्र कर्मचारी सुधारली का हे आम्ही पुन्हा येऊन बघू, तोवर तिला कामावरून काढू नये.

हे वाचून सरांचा चेहरा पडला. कारण एक तारखेपासून मला घरी बसवून सफाईची कंपनी आणायचं त्यांनी आधीच ठरवलं होतं (भाचीनेच सांगितलं, तिच्या पोटात काही राहत नाही). पंधरा वर्षं ज्यांचं टेबल पुसलं, त्यांनी मला साधं विचारलंही नाही. वर मला बोलावून म्हणाले, "मावशी, तपासनीसांना एवढंच सांगा, आधी माझं काम चांगलं नव्हतं, आता सुधारले."

मी म्हटलं, "सर, मी आधीपासूनच नीट आहे. सुधारायचं असेल तर तुम्ही सुधारा."

तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. शांतता आहे. तब्येतीला जपा.

तुमची भावजय

ता. क. : तपासनीस वीस तारखेला येणार. माझा फळा, जिना बघून चारही तक्रारी मिटवणार, आणि मिटल्या की माझी नोकरी गेली. काम वाईट करून दाखवू म्हटलं तर हात तसा चालत नाही. म्हणून माझ्यावर एक नवी तक्रार हवी, बाहेरच्या माणसाची, रजिस्टर पोस्टाने आलेली, म्हणजे सरांना फाडता येणार नाही. तक्रार करणाऱ्याने शाळेत पाऊल टाकलेलं हवं, असा नियम आहे; गेल्या महिन्यात तुम्ही घराची किल्ली द्यायला शाळेत आला होतात, तेवढं पुरतं. माझ्या चुका काढायचा सव्वीस वर्षांचा अनुभव दुसऱ्या कुणाला आहे? हात आखडू नका, दोन पानं लिहा.

ता. क. दुसरा : माझ्या स्वयंपाकघराबद्दल तुम्ही सगळ्यांना जे सांगत फिरता, ते मात्र यात घालू नका. ते खरं आहे, आणि खऱ्या तक्रारीवर मला उपाय करत बसावं लागेल.