गोदा अन् प्रयाग एकच बाई असल्याबाबत

प्रति,
मा. दफ्तर अधिकारी साहेब,
जुन्या नोंदींचा कक्ष (जिन्याखालची खोली)

अर्जदार: निकिता गोपाल हळदे, वय सतरा, शिक्षण नववीतून सुटलं, रा. इंझोरी, जि. वाशिम

विषय: शिरपूरच्या गोदाच्या जन्मनोंदीची नक्कल मिळणेबाबत.
संदर्भ: सोमवारी आपल्या कक्षात झालेली बाचाबाची.

महोदय,

१. अर्जदार निकिता इचं म्हणणं असं की, तिची आजी गोमतीबाई रांगत होती तवाच आजीची माय प्रयागबाई वारली. बापानं दुसरं लगन केलं, अन् पहिलीच्या माहेराचं नाव घरात कोणी काढलं नाही. आजीले मामाचं गावच नाही. तिच्या लगनात मामा म्हणून शेजारचा बाबूलाल उभा राह्यला. आता अर्जदाराची बहीण रूपाली इचं लगन हाय, अन् आजी हटून बसली, "देवाची पत्रिका झाली का दुसरी माह्या मायच्या माहेरी!"

२. अर्जदार दोनदा आपल्याकडं प्रयाग शोधून गेली. सापडली नाही. मंग लगनासाठी भांडे घासतांनी आजीच्या मायच्या लगनातला, आता कोंबड्याईच्या पाण्याचा पितळी गडवा चिंचेनं घासला, तं टिपक्या-टिपक्याईनं कोरलेलं दिसलं: 'चि. गोदा हीस लग्नात भेट. बापूराव, शिरपूर.' आजी म्हणे, "हे गोदा कोन व?" अर्जदारानं कपाळावर हात मारला. लगनात पोरीचं नाव बदलतेत! माहेरची गोदा, सासरची प्रयाग.

३. अर्जदार तशीच शिरपूरले गेली. बापूराव म्हटलं का पाच घरं उठली. सगळे म्हणे, "आमच्याच आज्याचं नाव ते." पाच घरचा चहा पेऊन अर्जदार परत आली. आडनावाबिगर काम होत नाही.

४. सोमवारी आपले कारकून धनराजभाऊनं पुस्तक काढलं. शिरपूर, बापूराव, मुलगी गोदा. मंग आडनावावर पंजा ठेवून म्हणे, "तुमची बाई प्रयाग. दुसऱ्याच्या पोरीचा कागद तुले कायले देऊ? नाव बदलल्याचा पुरावा आण."

५. साहेब, त्याचा कागद नसते. परातीत तांदूळ पसरतेत, नवरदेव अंगठीनं नाव लिवते, बाया हासतेत, अन् तो पुरावा संध्याकाळी शिजवून खातेत. हे अर्जदारानं शांतपणे सांगतलं. मंग जरा जोरानं सांगतलं. मंग परातच आणली, टेबलावर तांदूळ पसरून 'प्रयाग' लिवलं अन् विचारलं, "भाऊ, वैनीचं काय नाव ठेवलं तुमी?" ते लाजून म्हणे, "प्रियदर्शनी." अर्जदार म्हणे, "आना मंग पुरावा!"

६. तवा पंखा कोणी लावला, अर्जदाराले माईत नाही. तांदूळ जुन्या कागदाईत गेले, त्याची माफी. झाडून द्यायले अर्जदार तयार हाय.

७. नक्कल नाही तं नाही. पत्रिका वाटून झाल्या, एक बिननावाची उरली. ती जोडली हाय. तिच्यावर आडनाव तेवढं तुमच्या हातानं लिवा. पोचवायले आजी सोताच जाणार हाय, लुगडं काढून ठेवलं तिनं.

उत्तराच्या वाटेवर बसलेली,
निकिता हळदे
दि. १२ एप्रिल

सोबत:
१. गडव्याचा फोटो (गडवा आजी हातातून सोडत नाही)
२. पत्रिका एक, कोरी